गोठलेल्या तळ्याच्या तळाशी

अमेरिकेत बॉस्टनजवळ कॉन्कॉर्ड गावात वॉल्डन नावाचं तळं आहे. पाइन आणि ओकच्या झाडीतून जाणारी पायवाट काठाकाठाने त्याला पूर्ण वळसा घालते. कडाक्याच्या थंडीत, विशेषतः दिवस मावळल्यावर इथून चालताना तळ्याचा आवाज ऐकू येतो. तापमान उतरलं की बर्फाचा थर आकसतो आणि त्याला तडे जातात. तड्याचा आवाज बर्फातून धावताना त्यातले वरचे स्वर पुढे निघतात, खालचे मागे पडतात. त्यामुळे दूर उभ्या माणसाला झरझर खाली घसरणारा ‘प्यूऽऽ’ असा एकच स्वर ऐकू येतो.

या तळ्याला तळच नाही, असं तिथले लोक सांगत. काठावर घर बांधून राहिलेल्या हेन्री डेव्हिड थोरो या अमेरिकन लेखकाने १८४६च्या सुरुवातीला, बर्फ फुटायच्या आत, त्यावर चालत जाऊन दोरीला दगड बांधून जागोजागी खोली मोजली. सर्वांत खोल जागा भरली १०२ फूट. आजचं मोजमापही जवळपास तेच सांगतं.

त्या खोलीत हिवाळाभर जीव टिकून असतात, ते पाण्याच्या एका विलक्षण गुणामुळे. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. त्याहून थंड झालं की हलकं होऊन वर राहतं आणि तिथेच गोठतं. बर्फ तरंगतो, खालच्या पाण्याची ऊब धरून ठेवतो. पाणी गार होताना जड होतच गेलं असतं आणि बर्फही बुडाला असता, तर तळी तळापासून गोठत वर आली असती.

पण ऊब राखणारं हे झाकण हवाही अडवतं. वर हिम साचलं की उजेड कमी होतो, पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू पुरेसा बनवू शकत नाहीत. लहान, उथळ तळ्यांत तो जवळजवळ संपतोच. अशा पाण्यात या भागातलं पेंटेड टर्टल हे कासव तीन-तीन महिने श्वासाशिवाय काढतं! त्याचं हृदय काही मिनिटांतून एकदाच धडकतं. प्राणवायूविना ऊर्जा मिळवताना शरीरात लॅक्टिक आम्ल साचतं. एरवी ते जीवघेणंच ठरलं असतं. मात्र कासवाच्या कवचातून कार्बोनेट रक्तात उतरतं आणि आम्ल शमवतं. त्या आम्लातला उरणारा भाग म्हणजे लॅक्टेट. तेही बरंचसं कवच स्वतःत साठवून घेतं. कवच म्हणजे चिलखत, एवढंच आपण शिकतो. मला तर त्याचं हे दुसरं काम जास्त थोर वाटतं. वसंतात कासव वर येऊन श्वास घेतं, तेव्हा हा साठा हळूहळू रिकामा होतो.

वॉल्डनचा बर्फ कधी फुटतो, याच्या तारखाही थोरोने टिपून ठेवल्या. त्यांच्याशी आताच्या तारखा ताडून पाहिल्या, तर बर्फ सरासरी सुमारे दोन आठवडे आधीच फुटतो आहे.