डोक्याला बसणाऱ्या मुक्या माराची पार्श्वभूमी

मराठवाड्यात रक्त न येता लागलेल्या माराला ‘मुका मार’ म्हणतात, आणि डोक्याच्या बाबतीत हा शब्द फार नेमका आहे. कारण मेंदूला हादरा बसतो, ज्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात, तेव्हा कवटी बहुधा शाबूत असते, सीटी स्कॅनमध्येही सहसा काही दिसत नाही, आणि बिघडलेले असते ते मेंदूचे काम.

इथल्या कुस्तीच्या फडांना हा मार नवा नाही. पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ १९६१ मध्ये औरंगाबादला झाली, इतकी ही परंपरा इथे रुजलेली. लहानपणी गावच्या जत्रेत एक पोरगा डोक्यावर आपटलेला मी पाहिला. तो लगेच उठला, अंगावरची माती झटकली, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. पण वस्तादांना त्याने तीनदा विचारले, ‘‘वस्ताद, माझी कुस्ती कोनासंगं हाय?’’ कुणीतरी कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला आणि तासाभरात तो पुन्हा फडात उतरला. शुद्ध हरपली नाही म्हणजे काही झाले नाही, ही त्यामागची समजूत केवळ खेड्याची नव्हती.

जखमेवाचूनही मेंदूचे काम बिघडते, हे दहाव्या शतकाच्या सुमारास इराणी वैद्य अर-राझी यांनी ओळखले होते. तरीही वैद्यकाचे लक्ष दीर्घकाळ फुटलेल्या कवटीकडे आणि बेशुद्धीकडेच राहिले. १९२८ मध्ये अमेरिकी डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनी मुष्टियोद्ध्यांच्या अडखळत्या चालीचा संबंध डोक्यावरच्या ठोशांशी जोडला. शुद्धीची पातळी मोजणाऱ्या १९७४ च्या ग्लासगो मोजपट्टीने गंभीर रुग्णांची पारख सोपी केली, परंतु त्या पोरासारख्याला तीत १५ पैकी १४ किंवा १५ गुण मिळतात आणि त्याचा गोंधळ नजरेतून सुटतो. खरी जाग १९८४ नंतर आली: पहिल्या माराची लक्षणे ओसरण्याआधी दुसरा मार बसून दगावलेल्या एका खेळाडूची नोंद तेव्हा प्रसिद्ध झाली. खेळातल्या कन्कशनवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २००१ मध्ये व्हिएन्नात भरली. क्रिकेटने कन्कशन झालेल्या खेळाडूऐवजी बदली खेळाडू २०१९ पासून मान्य केला.

अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस पडून राहण्याचा सल्लाही आता मागे पडला असून, एकदोन दिवस सापेक्ष, म्हणजे पूर्ण पडून न राहता बेताची, विश्रांती आणि मग हलकी हालचाल असे सांगितले जाते. मात्र त्याच दिवशी पुन्हा फडात उतरायचे नाही. आणि वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी किंवा जागे करूनही न उतरणारी गुंगी दिसली, तर तांड्यावरून, वाडीवरून गाडी मिळेल तशी थेट मोठ्या दवाखान्याकडे काढायची.