जंतूंची बॅटरी अँटिबायोटिकच्या सांडपाण्यापर्यंत कशी आली

मायक्रोबियल फ्युएल सेल, म्हणजे घाण खाणाऱ्या जंतूंचे इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडवर घेऊन वीज काढणारा सेल, म्हटलं की काहीतरी परवाचं खूळ वाटतं, पण याची सुरुवात पार १९११ ची. डरहॅमचे पॉटर नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्रोफेसर, त्यांनी यीस्ट आणि ई. कोलायच्या भांड्यात प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड बुडवले आणि थोडीशी वीज मिळाली. १९३१ ला कोहेननी असे बरेच सेल जोडून ३५ व्होल्टच्या वर काढले, करंट मात्र जेमतेम २ मिलिॲम्पियर. व्होल्ट ऐकून खूश व्हायचं आणि करंट बघून गप्प बसायचं, हे दुखणं अजून गेलेलं नाही.

गंमत म्हणजे पॉटरच्याच सुमारास, १९१४ ला, मँचेस्टरमध्ये सांडपाण्यात हवा सोडून जंतूंकडून घाण खाववायची पद्धत निघाली आणि जगभर तीच चालली. ब्लोअर दिवसरात्र घरघरत असतात, प्लांटची साधारण निम्मी वीज तिथेच जाते, वर गाळही ढिगाने. एवढ्या विजेमागे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा हिशोब इथेच बिघडतो.

मधली बरीच वर्षं जंतूकडून इलेक्ट्रोडपर्यंत इलेक्ट्रॉन न्यायला पाण्यात रंगद्रव्यं टाकावी लागायची, जी महाग आणि बरीचशी विषारी, म्हणजे साफ करायच्या पाण्यात अजून घाण. १९९९ ला कोरियातल्या किम यांच्या टीमने शेवानेला हा जंतू त्याशिवायच इलेक्ट्रॉन देतो हे दाखवलं आणि खरं दार तिथे उघडलं. २००४ ला अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात घरगुती सांडपाण्यावर सेल चालला, वीज किती तर चौरस मीटरला २६ मिलिवॅट, पण घाण बरीच उतरली. माझ्या मते वीज हा बोनस समजावा, खरी कमाई म्हणजे ॲनोडला, जंतू ज्या इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन देतात त्याला, हवा मारावी लागत नाही ही.

अँटिबायोटिक यात नंतर आलं. २००७ ला हैदराबादजवळच्या पाटणचेरूत, औषध कारखान्यांचं सांडपाणी घेणाऱ्या ट्रीटमेंट प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सापडलं, औषध घेतलेल्या पेशंटच्या रक्तातही एवढं नसतं. आता जंतू मारायचं औषध जंतूंनाच खायला घालायचं म्हणजे उलटीच गंगा, पण इलेक्ट्रोडवर बायोफिल्मचा थर करून बसलेले जंतू सुट्या जंतूंपेक्षा जास्त सोसतात आणि डोस हळूहळू वाढवला, सोबत ॲसिटेटसारखं सोपं खाणं दिलं तर टिकतात. क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकचं उदाहरण छान आहे, कॅथोडवर, म्हणजे समोरच्या दुसऱ्या इलेक्ट्रोडवर, त्याच्या नायट्रो ग्रुपला इलेक्ट्रॉन मिळाले की तो अमाईन होतो आणि औषधाचा दातच पडतो. पण रेणू मोडला तरी रेझिस्टन्सची जीन्स, म्हणजे जंतूंना औषधाला दाद न देणारी बनवणारी, बायोफिल्ममध्ये उरू शकतात, त्यामुळे नुसता सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं माप, बघून भागत नाही, बाहेर जाणाऱ्या पाण्यात ती जीन्स वेगळी मोजावी लागतात.