मेल स्पॅममध्ये जातो तो अनेकदा शब्दांमुळे नाही, सही नसल्यामुळे

आमच्या बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका काकूंनी फराळाच्या धंद्यासाठी स्वतःचं डोमेन (मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं नाव) घेतलं, आणि गिऱ्हाइकांना पाठवलेली बिलं सगळी स्पॅममध्ये. कोणी म्हणालं सब्जेक्टमधला 'ऑफर' शब्द काढा, कोणी '१००% इनबॉक्स' वालं पॅकेज विकायला बसलं. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही हो, निर्णय घेणाऱ्याच्या सर्व्हरचा असतो, त्यात पैसे घालू नका.

मूळ गोची एसएमटीपीमध्ये, म्हणजे मेल पाठवायच्या नियमावलीत आहे. १९८२ सालचा हा प्रोटोकॉल, त्यात 'फ्रॉम'मध्ये कोणीही कोणाचंही नाव टाकू शकतो. म्हणून तपासण्या नंतर जोडल्या. एसपीएफ म्हणजे डीएनएसमध्ये (डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत) लिहिलेली यादी, की आमचा मेल या या आयपीवरूनच, म्हणजे सर्व्हरच्या पत्त्यावरूनच येणार. पण मेल आपोआप फॉरवर्ड झाला की आयपी बदलतो आणि एसपीएफ बहुतेक वेळा नापास.

डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही, इथे टिकते, आणि मला ते फार सुंदर वाटतं. सर्व्हर मजकुराचा एसएचए-२५६ हॅश (मजकुराचा जणू अंगठ्याचा ठसा) काढतो, मजकूर एक ओळ असो नाहीतर शंभर पानं, हॅश २५६ बिटचाच. बिलात चकली ५०० ग्रॅमची ६०० केली तरी साधारण अर्धे बिट उलटतात. हा हॅश आणि फ्रॉमसारखे हेडर (मेलच्या वरच्या ओळी) एकत्र घेऊन त्यावर फक्त पाठवणाऱ्याकडे असलेल्या खाजगी किल्लीने सही होते, सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये सगळ्यांसाठी उघडी. घेणारा सर्व्हर ती आणून सही पडताळतो. उघड्या किल्लीवरून खाजगी काढायची तर २०४८ बिटच्या आरएसए या सहीच्या पद्धतीत ६१७ अंकी संख्येचे मूळ अवयव शोधावे लागतील, आणि ते आजच्या कुठल्याच कॉम्प्युटरला जमत नाही. म्हणजे मेल दहा सर्व्हर फिरून आला तरी मजकूर आणि सही केलेले हेडर जसेच्या तसे असतील तर सही खरी.

तिसरी तपासणी डीमार्क, ती बघते की एसपीएफ किंवा डीकेआयएममध्ये पास झालेलं डोमेन फ्रॉममधल्या डोमेनशी जुळतंय का, आणि नापास मेलचं काय करायचं तेही डोमेनचा मालक त्यात लिहितो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूला प्रत्येकाकडून निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतं, जीमेलला दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही. काकूंच्या डोमेनवर एकही नव्हतं.

आता सही फक्त पाठवणारा कोण ते सांगते, तो भला आहे असं नाही, त्यामुळे नव्या डोमेनची पत बनायला वेळ लागतो, सुरुवातीला थोडे थोडेच मेल पाठवा. स्वतःच्या जीमेलवर एक पाठवून 'शो ओरिजिनल' उघडा, तिन्हीपुढे 'पास' दिसायला हवं. डीमार्क आधी 'नन' वर (नापास मेलवर काही कारवाई नको) ठेवून रिपोर्ट बघा, बिलं पाठवणारं ॲपसुद्धा तुमच्या डोमेनची सही लावतंय याची खात्री झाली की मगच 'क्वारंटाइन' (नापास मेल स्पॅममध्ये टाका) करा, नाहीतर स्वतःचीच बिलं अडकतील.