खाली जांभा (कोकणातला तांबडा, भोकाभोकांचा दगड) आहे म्हणजे पाया पक्का? नाही हो!

रत्नागिरी-राजापूरकडे सड्यावर (म्हणजे उंचावरच्या कातळी पठारावर) प्लॉट बघायला गेलं की हमखास ऐकू येतं, "खाली जांभाच आहे, माती कसली तपासताय". हे अर्धंच खरंय. जांभ्याचा वरचा थर ऊनवाऱ्याने कडक होतो, पण खोल जाल तसा मऊ होत जातो आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्याखाली पांढरट-गुलाबी चिकणमाती असते, पावसाचं पाणी जांभ्याच्या भोकांतून झिरपून तिच्यावर साचतं, ती मऊ पडते आणि जागा उताराची असेल तर वरचा थर सरकूही शकतो. त्यामुळे टोकन द्यायच्या आधी शेजारची विहीर नाहीतर चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढतात ती खाण) बघाच, कडेला थर स्पष्ट दिसतात. घरासाठी बोअर घेऊन खालच्या थरांची टेस्ट करा, प्लीज. कलमं लावणार असाल तर माती आम्लधर्मी निघते, तीही तपासा.