मेणावर चालणारी झडप आणि तिचं तडकणारं घर

इंजिन थंड ठेवावं लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते गरमही ठेवावं लागतं, हे सहसा लक्षात येत नाही. गार इंजिनात तेल घट्ट असतं, पेट्रोलची वाफ नीट होत नाही आणि इंधन जास्त जळतं. म्हणून गाडी सुरू केल्यावर थोडा वेळ कूलंट (इंजिनाची उष्णता वाहून नेणारं द्रव) ते गार करणाऱ्या रेडिएटरकडे न सोडता इंजिनातच फिरवत ठेवायचं, हे थर्मोस्टॅटचं काम.

साध्या थर्मोस्टॅटला वायर लागत नाही. धातूच्या छोट्या डबीत मेण भरलेलं असतं. कूलंट गाडीनुसार 82 ते 95 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि स्प्रिंगला दाबून झडप उघडतं. गार झालं की स्प्रिंग झडप मिटवते. झडप उघडण्याचं तापमान बहुधा तिच्यावरच कोरलेलं असतं.

झडप टिकली, तरी पुष्कळदा तिचं हाऊसिंग, म्हणजे ती जिच्यात बसते ती बाहेरची खोळच, दगा देतं. पूर्वी ते ॲल्युमिनियमचं असे. आता बऱ्याच गाड्यांत काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचं असतं. रोज तापून-निवून, वर दाब सोसून हे प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि होज पाइपच्या तोंडाशी बारीक चीर पडते. गळणारे थेंब गरम इंजिनावर सुकतात, खाली डबकं दिसतच नाही. मागे राहतो तो खरखरीत डाग आणि गोडसर वास. कूलंटच्या टाकीतली पातळी मात्र उतरत जाते, आणि दोष उगाच रेडिएटरवर जातो.

हाऊसिंग बदलायला इंजिन पूर्ण गार हवं. गरम असताना कूलंटचं झाकण उघडलं की दाब एकदम सुटतो, कूलंट उसळतं आणि हात भाजतो. कूलंट काढा, क्लॅम्प सैल करा, होज पिळून सोडवा. जुनं गॅस्केट (सांध्यातली गळती रोखणारं पातळ अस्तर) खरवडताना धातूवर ओरखडा उठला, तर गळती तिथूनच पुन्हा सुरू होते. थर्मोस्टॅट बसवताना मेणाची डबी इंजिनाच्या दिशेला येऊ द्या. थर्मोस्टॅटला हवेचं छिद्र असेल तर ते सहसा वर येतं. बोल्ट आलटून-पालटून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच (पिळण्याच्या जोरानेच) आवळा. ‘अजून थोडं’ म्हणत पाना फिरवला की नवं प्लॅस्टिकही तडकतं.

खरी चिकाटी लागते ती हवा काढायला. मेणाच्या डबीभोवती हवा अडकली तर तिला कूलंटची उष्णता नीट मिळत नाही, झडप उशिरा उघडते आणि इंजिन तापतं. हीटर गरमवर ठेवून कूलंट सावकाश भरा. गाडी चालवून आणून, पूर्ण निवल्यावर पातळी पुन्हा बघा. सांडलेलं कूलंट लगेच पुसा: त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, आणि कुत्र्यामांजरांना जीवघेणं.