पक्षाघात

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा एकाएकी तुटल्यामुळे किंवा तेथील रक्तवाहिनी फुटल्यामुळे हालचाल, वाचा, दृष्टी अथवा तोल यांत अचानक बिघाड होतो, त्या अवस्थेस पक्षाघात म्हणतात. लकवा, अर्धांगवायू आणि ब्रेन स्ट्रोक ही नावेही रूढ आहेत. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असले, तरी शरीर विश्रांती घेत असताना लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो आणि साठा जवळजवळ ठेवत नाही. त्यामुळे रक्त अडताच काही मिनिटांत बाधित भागाच्या मध्यावरील पेशी मरू लागतात. सभोवतालच्या पेशी मात्र आजूबाजूच्या वाहिन्यांतून झिरपणाऱ्या रक्तावर काही काळ तग धरतात, आणि तातडीच्या उपचारांचा सगळा रोख त्यांना वाचवण्यावर असतो.

बहुसंख्य रुग्णांत रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते. ही गुठळी मेद साचून अरुंद झालेल्या धमनीत तयार होते किंवा हृदयातून वाहत येते. उरलेल्या रुग्णांत मेंदूत किंवा त्याच्या आवरणांखाली रक्तस्राव झालेला असतो. बाहेरून हे दोन प्रकार खात्रीने वेगळे ओळखता येत नाहीत, उपचार मात्र परस्परविरोधी असतात. म्हणूनच सीटी स्कॅन होण्यापूर्वी घरच्या घरी ॲस्पिरिन देणे धोक्याचे ठरू शकते.

तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात उचलून धरता न येणे आणि बोलणे अडखळणे ही ठळक लक्षणे होत. एका डोळ्याने दिसेनासे होणे, अचानक तोल जाणे किंवा आजवर कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी हीही लक्षणे असू शकतात. काही वेळा ती थोड्याच वेळात ओसरतात आणि सारे निभावले असे वाटते. प्रत्यक्षात असा तात्पुरता झटका मोठ्या पक्षाघाताची पूर्वसूचना असू शकतो आणि त्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत जोखमीचे असतात.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सामान्यतः पहिल्या साडेचार तासांत देतात. ही वेळ लक्षणे लक्षात आल्यापासून नव्हे, तर रुग्ण शेवटचा ठणठणीत होता तेव्हापासून मोजतात. त्यामुळे रात्री धडधाकट झोपलेली व्यक्ती सकाळी लुळा हात घेऊन उठली, तर घड्याळ रात्रीपासूनच धरावे लागते. मात्र विशेष स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा भाग दिसल्यास अशा रुग्णांवरही उपचार करता येतात. मोठ्या वाहिनीतील गुठळी जांघेतून नळी घालून ओढून काढता येते आणि निवडक रुग्णांत हे २४ तासांपर्यंत शक्य असते.

जोखीम वाढवणाऱ्या कारणांत उच्च रक्तदाब सर्वांत वरचा आहे, आणि तो बहुधा काहीही त्रास न देता वर्षानुवर्षे वाहिन्यांची हानी करत राहतो. मधुमेह, धूम्रपान, वाढलेले कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, अतिमद्यपान आणि बैठे जीवन यांचाही वाटा असतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडल्यास पक्षाघाताची शक्यता सुमारे पाचपट होते, कारण तेथे साकळलेल्या रक्ताच्या गुठळ्या थेट मेंदूकडे जाऊ शकतात. वय आणि आनुवंशिकता बदलता येत नाहीत.

पुनर्वसनाची सुरुवात रुग्णालयातच होते. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणीही देत नाहीत, कारण ते श्वासमार्गात जाऊन न्यूमोनिया होण्याची भीती असते. लुळ्या हाताला धरून रुग्णाला ओढून उठवल्यास सैल पडलेल्या खांद्याला इजा होते. सर्वांत वेगवान सुधारणा साधारणतः पहिल्या ३ महिन्यांत दिसते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण शाबूत भागांत नवे जोड तयार होऊन ते काही कामे उचलतात. त्यासाठी बटण लावणे, पेला उचलणे यांसारखी नेमकी कामे वारंवार करावी लागतात. नुसते मालीश पुरत नाही.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्यास काही रुग्णांना डाव्या बाजूचे भानच राहत नाही व ते ताटाच्या उजव्या अर्ध्यातलेच अन्न खातात. डाव्या भागाच्या इजेत अनेकदा वाचेवर परिणाम होतो. शब्द सुचत नसले तरी समज शाबूत असू शकते, म्हणून अशा रुग्णासमोर त्याच्याविषयी परस्पर बोलणे टाळावे. सुमारे एकतृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. ते व्यायामातील निरुत्साह म्हणून सोडून दिले जाते, वास्तविक त्यावर वेगळे उपचार करावे लागतात.