बँडसॉचे गाईड ब्लेडला घट्ट चिकटवले की कट सरळ येतो, हे खरं का?

बँडसॉ म्हणजे चाकांवर (व्हीलवर) फिरणाऱ्या लांब पट्टीसारख्या ब्लेडची करवत, आणि गाईड म्हणजे त्या ब्लेडच्या बाजूला आणि मागे असलेले आधार. "बँडसॉ वाकडा कापतोय? गाईड बेअरिंग ब्लेडला घट्ट दाबून लावा" हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय, आणि पटतोही, कारण पकडून ठेवलं तर हलणार कसं असं कोणालाही वाटेलच. पण ब्लेड सरळ धावतं ते टेन्शन (ब्लेडला दिलेला ताण) आणि ट्रॅकिंगमुळे (ब्लेड व्हीलवर एकाच जागी धावणं), गाईड फक्त लाकडाच्या दाबाने ते वळायला लागलं की आधार देतात. मागचं बेअरिंग सतत टेकलेलं असेल तर ब्लेडची पाठ घासून तापते, कडक होते आणि तिथूनच बारीक तडे जायला लागतात.

तपासणं सोपं आहे. आधी प्लग काढा, हे प्लीज विसरू नका. सगळे गाईड, वरचे आणि टेबलाखालचेही, मागे घ्या, टेन्शन द्या, वरचं व्हील हाताने फिरवा आणि ब्लेड एकाच जागी धावतंय का बघा. मग बाजूचे गाईड पुढे आणा पण दातांच्या खाचांच्या थोडे मागेच ठेवा, नाहीतर दातांचा सेटच, म्हणजे दात दोन्ही बाजूंना थोडे वाकवलेले असतात तो बाकच, बिघडतो. साध्या कागदाची पट्टी गाईड आणि ब्लेडच्या मध्ये अडकवून गाईड टाईट करा आणि पट्टी ओढून काढा, तेवढी फट बास. मागच्या बेअरिंगलाही तेवढीच फट, म्हणजे हाताने व्हील फिरवताना ते गप्प राहिलं पाहिजे आणि लाकूड ढकललं की फिरायला लागलं पाहिजे.

एवढं करूनही कट भरकटत असेल तर आधी ब्लेडवर संशय घ्या, बोथट झालेलं असतं किंवा एका बाजूचे दात जास्त झिजलेले असतात.